गेटाबाहेरचा रांजण

आमच्या ह्यांनी सारा जन्म एकाच गोष्टीवर लिहिण्यात घालवला: सरकारी कायद्याच्याही आधी एक कायदा असतो, आणि तो विचार करणाऱ्या कोणालाही कळतो. मी शाळा फारशी पाहिली नाही, पण त्यांचं लिखाण वाचून वाचून त्यांच्याशी भांडण्याइतकी तयार झाले बघा.

गेल्या उन्हाळ्यात बेसा भागातल्या आमच्या सोसायटीनं ठराव केला, गेटाबाहेर काही ठेवायचं नाही. म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी ठेवलेला आमचा पाण्याचा रांजण गेला! मी म्हटलं, "आता दाखवा तुमचं तत्त्वज्ञान."

मीटिंगमध्ये हे उठले. "तहानलेल्याले पाणी द्यावं, हे कोणत्या ठरावात लिहिलं आहे?"

"कोणत्याच नाही," सेक्रेटरी म्हणाले.

"मग ठरावानं ते थांबवता कसं?"

"पाणी नाही थांबवून राहिलो, सर. डास होऊन राहिले त्यात!"

हे हसले. "कारण रास्त आहे. तर असा ठराव करा: रांजण राहील, मी रोज घासीन."

टाळ्या वाजल्या. घरात कधी पेला न विसळलेले हे आता सकाळी काथ्यानं रांजण घासतात आणि पाणी प्यायला थांबलेल्याला तो पहिला कायदा समजावतात. मी गॅलरीतून ओरडते, "अहो, आधी पिऊ तर द्या त्याले!"