भोंगा थांबल्यावर

गावाशेजारच्या अणुवीज प्रकल्पाचा भोंगा वाजला, तशी मावशीने मला घरात ढकललं आणि स्वतः अंगणात धावली. दोरीवर वाळणाऱ्या बोंबलांवर तिने चादर टाकली, मगच दार लावलं. त्याच प्रकल्पाच्या विजेवर फिरणाऱ्या पंख्याखाली आम्ही बसलो.

"सराव होता, दारं उघडा," शेजारचे काका बाहेरून ओरडले.

जीव भांड्यात पडला. मला हसूही आलं. चादरीने किरणोत्सर्ग थोडाच अडणार होता? पण चुलीची धग हाताला कळते तरी. ही धग दिसत नाही, कळत नाही, आणि वीज तर हवीच.

मावशीने बोंबील भाजले. आम्ही पोटभर जेवलो. चादर मात्र तिने कपाटात ठेवली नाही. घडी करून दाराशीच ठेवली.