भिंतीवरची खोली

“अक्षर मोठं काढ पेंटर, खोली आपोआप मोठी दिसते.”

एक डोळा मिटून, अंगठा भिंतीसमोर धरून ते मला हे सांगायचे. पेणमधल्या आमच्या आळीतले हे घरमालक. दर जूनला कॉलेजच्या वाटेवरच्या भिंतीवर ते माझ्याकडून जाहिरात रंगवून घ्यायचे. ‘विद्यार्थ्यांना खोल्या. कॉलेज दोन मिनिटांवर. चोवीस तास पाणी. शांत शेजार.’

तुम्ही कॉलेजला चालत गेला असाल तर दोन मिनिटांत कुठवर पोचता ते तुम्हाला ठाऊक आहे. पाणी चोवीस तास होतं, फक्त विहिरीत. शेजार मात्र खरंच शांत होता, कारण तो गणपतींचा होता. आमच्याकडे उन्हाळा लागला की ज्याच्या घरात रिकामा कोपरा त्याच्याकडे कुणाच्या तरी कारखान्यातल्या मूर्ती वस्तीला येतात. यांच्याकडे मेव्हण्याच्या यायच्या. त्या हलायच्या भाद्रपदात आणि कॉलेज उघडायचं जूनमध्ये. हे गणित त्यांनी कधी जुळवलंच नाही. भाडेकरू मुलगे बिचारे सोंडांच्या मधून वाट काढत झोपायचे.

एका वर्षी त्यांनी ‘मुलींसाठी स्वतंत्र खोली’ असंही लिहून घेतलं. मी विचारलं, “खोली आहे कुठे?”

“लिही तू. होईल.”

मी लिहिलं. मला तरी काय लाज होती!

ती ओळ वाचून खांब गावची एक मुलगी बापाबरोबर ट्रंक घेऊन आली. बाप भातशेती करणारा, अक्षरशत्रू. घरमालकांनी दार उघडलं. आत भिंतीपासून भिंतीपर्यंत ओल्या रंगाचे गणपती.

“हितं माझी पोर झोपायची कुठं? उंदरावर?” बापाने विचारलं. मग मुलीकडे वळून म्हणाला, “चल गो. कालेज बास झालं. औंदा लगीन लावून टाकतो.”

मुलगी रडली नाही. ट्रंकेची एक कडी धरून मुकाट चालू लागली. रडली असती तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच घरमालक माझ्या दारात. “चल, खांबला जायचंय.”

“मी कशाला?”

“लिवलं कोणी?”

एस.टी.ने खांबला उतरलो. मुलीच्या घराच्या अंगणात हा बडबड्या माणूस उभ्याउभ्याच सुरू झाला. “कॉलेज दोन मिनिटांवर नाय. वीस लागतात. पाणी विहिरीचं, शेंदायला लागतं. गणपती चतुर्थीशिवाय हलायचे नायत. तवर पोर आमच्या खोलीत बायकोजवळ झोपंल. मी गणपतींत झोपतो.”

“ह्ये भिंतीवर का नाय लिवलंत?”

“लिवलं असतं तर कोण आलं असतं?”

बाप हसला नाही. घराकडे तोंड करून म्हणाला, “ट्रंक भर गो.”

माणूस सुधारला असं मात्र समजू नका. चतुर्थीपर्यंत तो खरोखर मूर्तींत झोपला आणि आपल्या त्यागाची कथा साऱ्या आळीला ऐकवली. पुढच्या जूनमध्ये पुन्हा तीच दोन मिनिटं.

आता ते नाहीत. त्यांच्या मुलांनी जागा विकली, ती भिंतही गेली. मला आठवतो तो खांबच्या त्या मुलीच्या बी.ए.च्या निकालाचा दिवस. त्यांनी जुनी जाहिरात माझ्याकडून चुन्याने पुसून घेतली आणि तिथे फक्त मुलीचं नाव आणि ‘बी.ए. उत्तीर्ण’ एवढंच लिहायला लावलं. खोल्यांचा उल्लेख नाही, स्वतःचं नाव नाही. ‘एवढंच?’ असं मी दोनदा विचारलं.

बाप खांबहून आला होता. भिंतीसमोर उभा राहून त्याने विचारलं, “काय लिवलंय?”

“तुझ्या पोरीचं नाव. बी.ए. झाली म्हणून,” मी सांगितलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग घरमालकांकडे.

“ह्ये तरी खरं हाय ना?”

घरमालकांनी नुसती मान डोलावली.