पत्रिकेत आबा अजून स्वागतोत्सुक!

मंडळी, आज डोकं जाम फिरलंय, म्हणून लिहितोय.

मी जळगावात लग्नपत्रिकांचं डिझाइन करतो. आमच्या लिनक्स मशीनच्या घड्याळाचा सेल संपलाय. शेठ रोज दुकान वाढवताना मेन स्विच बंद करतात, त्याला हात जोडतात, आणि सकाळी मशीन कित्येक वर्षं मागे गेलेलं असतं. मग मी हाताने तारीख लावतो. सेल बदला म्हटलं की शेठचं ठरलेलं उत्तर, "तारखेला भिंतीवर कॅलेंडर आहे ना!"

मागच्या आठवड्यात मी सुट्टीवर होतो. नशिराबादच्या एका गिऱ्हाइकाचे आबा वारले, म्हणून स्वागतोत्सुकांतून त्यांचं नाव काढायचं होतं. शेठनी स्वतः काढलं, पण तारीख न लावता! मी आल्यावर नेहमीप्रमाणे बॅकअप डिस्कवर cp -u चालवलं. ही कॉपीची कमांड डिस्कवरच्या प्रतीपेक्षा नव्या तारखेचीच फाइल उचलते. दुरुस्त फाइलवर जुनी तारीख, म्हणून ती मागेच राहिली. आणि छपाईला जाते तीच डिस्क, त्यामुळे पत्रिका आबांच्या नावासकट छापल्या गेल्या.

आज तो माणूस पत्रिका घेऊन आला. "आमना आबा ग्यात ना भाऊ, नि तुम्ही त्यास्ले स्वागतले उभं करं?" भावकीत निम्म्या वाटूनही झाल्या होत्या.

शेठ शांतपणे म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक आहे."

कॉम्प्युटरची? वा रे वा!

संध्याकाळी शेठनी मेन बंद करून पुन्हा हात जोडले. तुम्हीच सांगा, स्विचपुढे रोज जोडले जाणारे हे हात आज त्या माणसापुढे एकदाही जुळू नयेत?