दाजींचं स्वच्छ तळं

"दाजी, तळ्यात काय ओतलंत?" मी असा ओरडलो की पानिपतवाल्यांना चौथी लढाई सुरू झाली असं वाटलं असेल.

दाजी म्हणजे माझ्या बहिणीचे यजमान. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, कँटोनमेंटमधून दिल्लीतल्या द्वारकेच्या नव्या फ्लॅटमध्ये आले आणि चौथ्या मजल्यावर कोमेजायला लागले. म्हणून हरियाणात, जिथलं पाणी इतकं खारट की म्हशी आम्हाला शिव्या देत, तिथं आम्ही कोळंबीचं तळं केलं. राबायचे दाजी, दर रविवारी जाऊन अक्कल पाजळायचो मी. तळ्यावर ते पुन्हा ताठ चालायला लागले होते.

रिकाम्या पोत्याची घडी घालत ते म्हणाले, "ब्लीचिंग. उद्या मत्स्य विभागाचे साहेब येणार ना? पलटणीत इन्स्पेक्शनच्या आधी टाकतोच आपण." काठाला चुन्याची रेघही मारली होती, दोरी लावून.

त्या पाण्यात मी दोन महिने चांगले जंतू सोडत होतो. गुळाच्या पाण्यात पावडर कालवायची, टबात आंबवायची, मग तळ्यात ओतायची. तळाशी साचणारी घाण ते जंतू खातात आणि कोळंबी निरोगी राहते. पण इतकं साधं सांगीन तर तो मी कसला! दाजींना सांगितलं होतं की ही अंदमानची गुप्त औषधी, पाणबुडीवाल्या दोस्ताकडून आणलेली; चमचाभर यमुनेत टाकली तर आग्र्यापर्यंत लोक ओंजळीनं पाणी पितील. थाप उघडी पडेल म्हणून आताही खरं सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी काठावरूनच पाहिलं. "इतना साफ पानी? सूबेदारसाब, इसमें अब ज़िंदा क्या बचा है?"

दाजी सावधानमध्येच उभे राहिले. त्यांना टोमणा कळलाच नाही.

पुढच्या रविवारी गेलो तर कोळंबी काठाला लागलेली. दाजी पँट दुमडून पाण्यात उभे होते. एकेक उचलायचे, ओंजळीत धरायचे, पोहतेय का बघत पुन्हा सोडायचे. एकही पोहली नाही. चुन्याची रेघ तेवढी सरळ होती. त्या वासात मला एकही थाप सुचेना.

"दाजी, ती पावडर म्हणजे जिवंत जंतू होते हो. ब्लीचिंगनं तेही मेले."

त्यांनी मान वर केली नाही.

"तू औषध म्हणाला होतास."