चांद्याची जहाजी तोफ

उन्हानं तापलेल्या लोखंडाचा वास आला की मला चांद्याच्या किल्ल्याजवळ पडलेली ती तोफ आठवते. तेव्हा मी नवी सून होते. गोंडपिपरीहून सासूबाईंसोबत गेले होते. माझे थोरले दीर दुसऱ्या महायुद्धात आरमारात होते. त्यांचं जहाज बुडालं. पण प्रेत आलं नाही, म्हणून सासूबाई वाट पाहत राहिल्या.

चौकीदार म्हणाला, "बाई, हे जहाजावरची तोफ. इंग्रजांनी बैलं जुंपून इथी आणली."

सासूबाईंनी तिला दोन्ही हातांनी ढकलून पाहिलं. ती हलली नाही.

"जहाजावर असं वजन राह्यते, भाऊ?"

"हो, बाई. अशा कितीक राह्यते."

"मंग माहा पोरगा वर कसा येईल?"

त्या तिथंच बसून रडल्या. मला वाटलं, यांना इथं आणायलाच नको होतं. आता तसं वाटत नाही. त्या वर्षी पित्रांत त्यांनी पहिल्यांदा दिरांच्या नावाचा घास ठेवला.