पहिला तुकडा

सेतू अण्णाला शेवटचं पाहिलं ते तंजावरच्या इस्पितळात. उजव्या हाताची पाचही बोटं मोडलेली, ओठ फाटलेले, लोखंडी सळीचे वळ पार गळ्यापर्यंत. त्यानं कसंबसं विचारलं, "पहिला तुकडा तुझेजोळ अहे की?" मी म्हणालो, "आहे, अण्णा." त्याचा चेहरा निवला. दुसऱ्या दिवशी तो गेला… त्याला महिना झाला.

अण्णा माझा थोरला चुलतभाऊ, कुंभकोणमच्या एका खासगी प्रसूतिगृहात संगणक सांभाळायचा. यंत्र जुनाट, पेनड्राइव्हवर चार जीबीपेक्षा मोठी फाइल जायचीच नाही, आणि सगळ्या बायकांच्या नोंदींची फाइल त्याच्या तिपटीहून मोठी. नवं यंत्र मागितलं की मालक हसायचा. मग अण्णा त्या फाइलचे चार तुकडे करी आणि सणाच्या फराळासारखे भावकीतल्या चार घरी पोचवी. म्हणे, "बायकांची गोष्ट, एके घरी सगळी नोको." पहिला तुकडा नसेल तर बाकीचे तीन उघडतच नाहीत, हेही त्यानं मला बजावलं होतं. मला ती त्याची नसती कटकट वाटे.

तिरुक्करुगावूरची एक बाळंतीण रक्तस्राव होऊन त्या प्रसूतिगृहात मेली. डॉक्टर फार उशिरा आला होता. मालकानं यंत्रातल्या वेळा बदलल्या. खऱ्या वेळा उरल्या त्या आमच्या चार घरांत. "कोर्टात मी देतो," असं अण्णानं तिच्या नवऱ्याला, सेल्वमला, सांगितलं. त्याच आठवड्यात भर दुपारी तिघे अण्णाच्या घरात घुसले. वहिनीला स्वयंपाकघरात कोंडलं. पहिला तुकडा कुणाकडे, असं ते विचारत होते आणि दर नकाराला एक बोट मोडत होते. वहिनीनं दाराआडून पाच वेळा ते ऐकलं. अण्णानं माझं नाव घेतलं नाही.

आणि मी? त्याच्या पंधरा दिवस आधी लेकीच्या अरंगेट्रमचं, तिच्या पहिल्या जाहीर भरतनाट्यमचं, चित्रीकरण ठेवायला जागा हवी म्हणून मी तो तुकडा पुसला होता. विचारलंसुद्धा नाही. माझ्या तोंडाला काळं फासलं तरी कमीच.

काल सेल्वम आला. बाकीचे तीन पेनड्राइव्ह त्यानं रुमालात बांधून आणले होते. कॉफीला हात लावला नाही, नुसता तळवा पुढं केला. दाराजवळच्या खिळ्यावरून मी माझा पेनड्राइव्ह काढला; अण्णानं शाईनं लिहिलेला एकचा आकडा त्यावर अजून ठसठशीत आहे. तो त्याच्या हातावर ठेवला आणि सांगितलं, "यात माझी मुलगी नाचते आहे."