आबांचा पासवर्ड

सोमवारी सकाळी मी कॉम्प्युटरवर फळा उघडला. शिंदखेड्याच्या आबा भामऱ्यांच्या नावाने आदल्या दिवशी एक निरोप पडला होता. 'ठिबकच्या नळ्या चोंदल्या असतील तर ॲसिड एका दिवशी आणि ब्लीचिंग पावडर दुसऱ्या दिवशी, हा उपद्व्याप कशाला? दोन्ही एकदमच खताच्या टाकीत टाका, काम लवकर उरकतं.' खाली आमचे सोनगीरचे डीलर युसुफभाई यांचं उत्तर होतं. 'आबा, मेहरबानी. उद्या सकाळीच एका मळ्यात करून टाकतो.'

उद्या म्हणजे आज.

ॲसिडने नळ्यांतले क्षार विरघळतात, ब्लीचिंगने शेवाळ मरतं. दोन्ही आपापल्या जागी उत्तम. पण एकत्र आली की क्लोरीन वायू सुटतो. टाकीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत तो भरला तर माणूस जागच्या जागी आडवा होतो. आमच्या ट्रेनिंगमध्ये हे पहिल्याच दिवशी सांगायचे. आबा तर ते ट्रेनिंग दुसऱ्यांना द्यायचे.

आधी फळा म्हणजे काय ते सांगते. सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. जळगावात ठिबकचं सामान बनवणारी आमची एक लहान कंपनी होती आणि तिथले कॉम्प्युटर मी सांभाळत होते. ऑर्डरी लवकर याव्यात म्हणून आम्ही डीलरांना मॉडेम दिले होते. मॉडेम म्हणजे टेलिफोनच्या तारेवरून दोन कॉम्प्युटरना बोलायला लावणारी पेटी. त्याच तारेवर मी एक बुलेटिन बोर्ड सुरू केला. कोणी प्रश्न लिहायचा, कोणी उत्तर. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. डीलर त्याला फळा म्हणू लागले. आमच्याकडे त्यासाठी एकच लाइन होती, म्हणून एका वेळी एकच माणूस आत. वाचायचं, लिहायचं, बाहेर पडायचं.

फळ्याचे पहिले सभासद आबा. कंपनीचे सगळ्यात जुने डीलर. कोणीही काहीही विचारलं की बाकीचे आबांच्या उत्तराची वाट बघायचे आणि ते आलं की विषय संपायचा. आबांनी लिहिलेलं तपासून बघणं म्हणजे त्यांचा अपमान, अशीच समजूत होती. मलाही ते सोयीचं होतं, माझं काम वाचत होतं.

निरोप मी पुसला. पण वाचलेला निरोप पुसून काय उपयोग? सोनगीरला फोन लावला. या मार्गावरील सर्व लाइन व्यस्त आहेत, असं बाई गोड आवाजात सांगत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा तीच. मग धुळ्याच्या आमच्या ब्रँचला लावला. मेकॅनिक प्रकाशने उचलला.

"प्रकाश, गाडी काढ. सोनगीरला जा. युसुफभाई आज नळ्या साफ करायला कोणाच्या मळ्यात गेलेत ते त्यांच्या दुकानात विचार आणि त्यांना थांबव. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र टाकतायत."

"मॅडम, आत्ताच शटर उघडलंय, साहेब आले की..."

"साहेबांचं मी बघते. तिथे माणूस मरेल!"

फोन जागेवर ठेवायचंही भान त्याला राहिलं नाही. टेबलावर पडलेल्या रिसीव्हरमधून मोटारसायकलची किक मला ऐकू आली.

तेवढ्यात आमचे मार्केटिंग मॅनेजर देवरे साहेब आले. मी त्यांना सांगत होते आणि सांगता सांगता माझं लक्ष स्क्रीनकडे गेलं. फळ्यावर कोणीतरी आलं होतं. नाव: आबा.

"बरं झालं," देवरे म्हणाले, "त्यांनाच विचारा."

फळ्यावर बोलता येत नसे. मी आबांच्या दुकानाला फोन लावला आणि पहिल्याच रिंगला आबांनी तो उचलला. तिथेच मी चरकले. आबांच्या दुकानात फोनची एकच तार. मॉडेम चालू असला तर तो फोन वाजूच शकत नाही.

"आबा, तुम्ही फळ्यावर आहात?"

"नही ना, ताई. मी दुकानमा बठेल शे." आबा कोणाशीही अहिराणीतच बोलायचे.

"मग तुमच्या नावाने आत कोण आहे?"

"व्हई कोनी तरी."

"कोणी तरी म्हणजे? पासवर्ड कोणाला दिलाय?"

"ज्यानी मांगा त्याले दिना," आबा अगदी सहज म्हणाले.

पासवर्ड म्हणजे ज्याची त्याची किल्ली, हे मी प्रत्येक डीलरला घसा कोरडा होईपर्यंत सांगितलं होतं. आबांनाही. आता त्यांनी यादीच सांगितली: धुळ्याचा पुतण्या, त्याचे मित्र, दोंडाईच्याचे दुसऱ्या कंपनीचे दुकानदार, सगळे आबा होऊन फळ्यावर फिरत होते. मी आबांना तो निरोप वाचून दाखवला.

"हाई मी नही लिखं," आबा म्हणाले. आवाज बदलला होता. "युसुफ कोठे शे?"

"मळ्यात. प्रकाश गेलाय."

"मी बी निंघस." फोन ठेवला.

त्यानंतरचा वेळ कसा गेला ते सांगता येणार नाही. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत इशारा लिहिला, मग एकेका डीलरला फोन करत बसले. आणखी दोघांनी तो निरोप वाचला होता. एक म्हणाला, "आबांनी लिहिलंय ना, मग बरोबरच असेल." मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. देवरे साहेब खुर्चीची पाठ धरून उभेच होते.

दुपारी प्रकाशचा फोन आला, धुळ्याच्या दवाखान्यातून. तो पोचला तेव्हा टाकीत ॲसिड पडलं होतं आणि ब्लीचिंगची पहिली मूठही. वाकून पावडर टाकणाऱ्या गड्याला असा ठसका लागला की त्याला श्वास घेता येईना. युसुफभाईंनी त्याला ओढून बाजूला घेतलं होतं, पण पुढे काय करायचं ते त्यांना सुचत नव्हतं. प्रकाशने सगळ्यांना टाकीपासून लांब, वारा येत होता त्या बाजूला नेलं. पाठोपाठ आबांची जीप आली. त्याच जीपमधून गड्याला धुळ्याला नेलं.

"वाचेल?" मी विचारलं.

"वाचला, मॅडम. दोन दिवस ठेवून घेतो म्हणतायत."

मी फोन ठेवला आणि सगळ्यांसमोर रडले. लाज वगैरे काही वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी देवरे साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"आबांना समज देऊ. फळ्यावरून काढायचं कशाला? ते तुमच्या-माझ्या आधीपासून कंपनीबरोबर आहेत."

"म्हणूनच काढायचं, साहेब. नव्या माणसाने तोच निरोप लिहिला असता तर युसुफभाईंनी आधी चार जणांना विचारलं असतं. आबांचं नाव दिसलं आणि त्यांनी पोतं फोडलं."

"डीलर खवळतील."

"खवळू देत."

शेवटी ठरलं की आबांना एक संधी द्यायची. पासवर्ड बदलायचा आणि कोणालाही द्यायचा नाही. एवढं कबूल केलं तर आबा फळ्यावर राहतील. आबा स्वतः जळगावला आले. माझ्यासमोर बसले, पाणी प्यायले, टोपी काढून मांडीवर ठेवली.

"तो निरोप कोणी लिहिला, आबा?"

"माहीत शे. पन नाव नही सांगाव. त्यानी वाईट मनथीन नही लिखं. त्याले मी बोलसू."

"बरं. नका सांगू. पण आता पासवर्ड फक्त तुमच्याकडे राहील, एवढं म्हणा."

आबा मांडीवरची टोपी उलटसुलट करत राहिले. त्यांनी नुसतं हो म्हणावं, अशी मी मनातून विनवणी करत होते. खोटं म्हटलं असतं तरी त्या क्षणी मला चाललं असतं.

"ताई, नळ मना शे, पन पानी बठ्ठी गल्ली भरस," ते म्हणाले. त्यांच्या नळावर सगळी गल्ली पाणी भरायची, हे मला ठाऊक होतं. "आज कुलूप लाई दिधं, आनि सकाय कोनी हंडा लई उना, ते त्याले काय सांगू? मी कोनलेच नही म्हनाव नही. तुले काढनं व्हई ते काढी टाक."

मी त्यांच्यासमोरच त्यांचं नाव काढलं. आबांनी स्क्रीनकडे पाहिलंसुद्धा नाही. टोपी घातली, देवरे साहेबांना नमस्कार केला आणि बस गाठायला निघून गेले.

पहिला फोन आला युसुफभाईंचा. मला वाटलं आभार मानतील.

"मॅडम, आबांना काढलं म्हणे?"

"हो."

"माझ्या गड्याला दवाखान्यात कोणी नेलं? आबांनीच ना?"

"हो, पण..."

"बस, मॅडम." त्यांनी फोन ठेवला, आणि पुढे कितीतरी दिवस फळ्यावर एक अक्षर लिहिलं नाही. बाकीच्यांनीही तोंड फिरवलं. फळा ओस पडला. देवरे साहेब रोज माझ्याकडे असे बघायचे की जणू मीच टाकीत पावडर टाकली होती.

मग आम्ही नियम थोडा सैल केला. डीलर नसलेल्यांनाही अर्ज केल्यावर स्वतःचं नाव आणि स्वतःचा पासवर्ड मिळेल. आबांच्या किल्लीने आत येणारे सगळे आपापल्या नावाने आले. ज्याचं त्याचं नाव खाली दिसायला लागल्यावर लिहिणारे जपून लिहू लागले आणि वाचणारे दोनदा विचारू लागले. हळूहळू युसुफभाईही परतले.

पुढे मी मोठमोठ्या कंपन्यांचे असे फळे सांभाळले. नवखा सभासद चुकला तर त्याला एकदा सांगून भागतं. काढायची पाळी येते ती बहुतेक जुन्यांवर, कारण आपण त्यांच्यासाठी नियम कधी लावलेलेच नसतात. आबांना मी काढलं ते बरोबरच होतं. आजही तेच करीन.

फळा रुळावर आल्यावर मी त्यांना फोन केला होता. म्हटलं, "आबा, आता सगळ्यांकडे आपापल्या किल्ल्या आहेत. तुमच्याकडे कोणी मागायला येणार नाही. परत या."

"ते तेच ना, ताई," आबा म्हणाले. "आते माले कोनीच काही मांगत नही. मंग तठे ईसन मी काय करू?"

नियमाने काढलेला माणूस नियमाने परत घेता येतो. बाकीचं माझ्या हातात नव्हतं.